शेळी विकणाऱ्या ताईला नेमकं काय हवं होतं?

तुमचा प्रश्न मी असा समजले. बीड जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत तुमच्या संस्थेने ऊसतोडीला जाणाऱ्या ६० कुटुंबांना प्रत्येकी दोन शेळ्या दिल्या. वाटप ऑगस्टमध्ये झालं. एप्रिलमध्ये पाहणी केली तेव्हा ४१ घरांत शेळ्या नव्हत्या. निधी देणाऱ्यांचं म्हणणं, या लोकांना पुढे जायची आकांक्षाच नाही. तेव्हा पुढच्या वर्षी आधी तीन दिवसांचं प्रेरणा प्रशिक्षण घ्या, मगच शेळ्या द्या. हे बरोबर आहे का, आणि आकांक्षा हा भाग कार्यक्रमात कुठे बसवायचा, असं तुम्ही विचारताय.

मी बावीस वर्षं मराठवाड्यात बचत गट आणि उपजीविकेचं काम करते, त्यातली बरीचशी ऊसतोड कुटुंबांबरोबर. तुमची गावं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच तपासून घ्याव्या लागतील. पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सोडवू. लोकांना काय हवंय, हा एक. आपण दिलेली वस्तू त्या वाटेवर कुठे लागते का, हा दुसरा. शेळ्या विकल्या गेल्या यावरून दुसऱ्या प्रश्नाबद्दल काही कळतं. पहिल्याबद्दल काहीच कळत नाही.

तारखा बघा. पावसाळ्यात मुकादमाची, म्हणजे तोडीसाठी मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराची, उचल घरात येते. उचल म्हणजे हंगामाची आगाऊ घेतलेली मजुरी. लग्न, दवाखाना, पेरणी, मागच्या हंगामाची न फिटलेली बाकी, यांत ती तिथल्या तिथे संपते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि आता एका कोयत्याची उचल लाखाच्या घरात जाते. दसरा-दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे ऑगस्टमध्ये दारात आलेल्या शेळीकडे दोन महिन्यांनी बघायला घरात कोणी नाही. सासू मागे राहणार असेल तर शेळी राहते. सासू नसेल, किंवा तिचे गुडघे गेले असतील, तर शेळी विकायची नाहीतर फडावर न्यायची. पहाटे चारला फडात जाणारी आणि रात्री मोळ्या भरून कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, परतणारी बाई शेळी चारणार कधी? तिने निघायच्या आधी बाजार गाठला, किराणा दुकानदाराची उधारी फेडली आणि गाडीत बसली. हा तिचा हिशोब आहे आणि तो चुकलेला नाही. ज्या १९ घरांत शेळ्या टिकल्या, तिथे मागे राहणारं माणूस होतं का, की ते कुटुंब त्या वर्षी गेलंच नव्हतं, हे आधी मोजा. बहुतेक कोडं तिथेच सुटेल.

आता आकांक्षेकडे येते. हा शब्द गावातल्या बैठकीत कोणी वापरत नाही. तिथे ‘वाटतं’ हे क्रियापद असतं. सुरुवातीची काही वर्षं मी विचारायचे, “ताई, पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?” उत्तर ठरलेलं: “देवाला ठाऊक.” किंवा नुसतं हसणं. मी वहीत लिहायचे, ‘भविष्याबद्दल विचार नाही.’ ते लिहिलेलं आठवलं की आजही वाईट वाटतं. पुढे एकदा वडवणीकडच्या एका वस्तीवर मी सहज विचारलं, “तुमच्या पोरीनं कोयता धरलेला चालेल का?” ती ताई भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, “माझ्या हातात हाये तेवढा बास. तिच्या हातात न्हाई द्यायचा.” त्यानंतर मी पन्नास-साठ घरांत हाच प्रश्न विचारला. एकानेही ‘चालेल’ असं म्हटलं नाही.

इतकी ठाम इच्छा ज्या घरात आहे, त्या घराला आकांक्षा नाही असं म्हणायला आपल्याला आधार काय? ती इच्छा ‘काय नको’ या रूपात असते, म्हणून आपल्या अर्जातल्या ‘भविष्यातील उद्दिष्ट’ या चौकटीत ती उतरत नाही. आणि तीच ताई दोन वर्षांनी त्याच मुलीचं लग्न सतराव्या वर्षी उरकताना दिसते. तिचं मन बदललेलं नसतं. सहा महिने त्या वयाच्या मुलीला कोणाकडे ठेवायचं, याचं उत्तर तिला सापडलेलं नसतं. फडावर न्यायची तर भीती, गावात ठेवायची तरी भीती. लग्न झालं की काळजी मिटते, आणि नवं जोडपं म्हणजे मुकादमाच्या हिशोबात नवा कोयता.

मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ साली नेमकी हीच गोष्ट नीट मांडली. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि फुटपाथवर राहणाऱ्या लोकांच्या संघटनांचं, त्यातही महिला मिलनच्या बायकांचं, काम त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं: इच्छा गरीब-श्रीमंत सगळ्यांनाच असतात, पण आजच्या छोट्या गोष्टीपासून उद्याच्या मोठ्या गोष्टीपर्यंत कसं जायचं याचा सराव सगळ्यांना सारखा मिळत नाही. ज्यांच्या घरात कोणी बँकेत गेलंय, कोणी वसतिगृहात राहिलंय, कोणी अर्ज नाकारल्यावर पुन्हा केलाय, त्यांना वाट चालून चालून पाठ होते. बाकीच्यांना फक्त टोक दिसतं, मधली वाट दिसत नाही. महिला मिलनच्या बायकांनी ऐंशीच्या दशकात भायखळ्यात घराची पूर्ण मापाची प्रतिकृती उभी केली, लोक आत शिरून बघू लागले, मोरी कुठे आणि पोटमाळा किती उंच यावर वाद घालू लागले. ‘घर मिळावं’ ही इच्छा तिथे मापात, पैशात आणि अर्जात उतरली. माझ्या लेखी कार्यक्रमातलं आकांक्षेचं काम हे असं असतं.

आणि तुमचं तीन दिवसांचं प्रेरणा प्रशिक्षण? त्याने नेमकं उलटं काय होतं ते मी स्वतः करून पाहिलंय, म्हणून सांगते. कामाच्या चौथ्या की पाचव्या वर्षी आम्ही एका वस्तीवर ‘स्वप्नांचं झाड’ नावाचा, स्वप्नं चित्रात काढायचा उपक्रम घेतला. मोठे कागद, रंगीत खडू, दोन दिवस. बाया खूप रमल्या. कोणी स्लॅबचं घर काढलं, कोणी नर्स झालेली लेक काढली, एकीने विहीर आणि मोसंबीची बाग काढली. ते कागद आम्ही समाजमंदिराच्या भिंतीला लावले, फोटो काढले आणि निघून आलो. टोळ्या गेल्या तशा गेल्या. एप्रिलमध्ये मी परत गेले तेव्हा बागेचं चित्र काढणारी ताई म्हणाली, “मॅडम, ते कागद काढून घ्या. येता-जाता दिसतंय.” मी ते एकेक करून काढले. त्या दिवशी मला जे कळलं ते नंतर वाचनातही सापडलं. अर्थशास्त्रज्ञ देबराज रे यांनी मांडलंय, की आजची स्थिती आणि इच्छा यांच्यातलं अंतर फार कमी असलं तर माणूस जास्तीची धडपड करत नाही, आणि फार जास्त असलं तरी करत नाही, कारण धडपड करून काही होणार नाही हे त्याला दिसत असतं. आम्ही दोन दिवसांत ते अंतर वाढवलं आणि वाट एका पावलाचीही दिली नाही.

डोमिनिकन रिपब्लिकमध्ये रॉबर्ट जेन्सन यांनी केलेला एक अभ्यास इथे आठवतो. शिकल्यावर पगार किती वाढतो हे आठवीतल्या मुलांना ठाऊक नव्हतं. ते सांगितल्यावर मुलं पुढे जास्त शिकली. पण सगळ्यात गरीब घरांतल्या मुलांवर परिणाम जवळजवळ शून्य. त्यांना माहिती पटली नाही असं नाही, शिकण्यासाठी लागणारा पैसा घरात नव्हता. प्रेरणा द्यायची असेल तर ज्याच्या हातात पुढचं पाऊल टाकण्याइतपत काहीतरी आहे, त्याला द्या.

मग नुसती शेळी देणंही चुकलंच का? नुसती, होय. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने २००२ मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी जो कार्यक्रम सुरू केला, त्यात जनावर किंवा दुसरी उत्पादक वस्तू होती, पण तिच्या जोडीला सुरुवातीच्या महिन्यांसाठी घरखर्चाचा भत्ता, प्रशिक्षण, बचत, आरोग्याची मदत आणि ठरलेल्या दिवशी घरी येणारा कार्यकर्ता, असं सगळं दीड-दोन वर्षं चालायचं. हाच नमुना सहा देशांत तपासला गेला, २०१५ मध्ये निष्कर्ष आले, आणि कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानेही एकंदर सुधारणा टिकलेली दिसली. भारतातला अभ्यास पश्चिम बंगालमधल्या बंधन संस्थेच्या कामाचा होता. घानामध्ये तर एका गटाला फक्त शेळ्या दिल्या होत्या. त्या गटात टिकाऊ फरक पडला नाही. होंडुरासमध्ये बहुतेकांना कोंबड्या दिल्या गेल्या, त्यातल्या बऱ्याच रोगाने मेल्या आणि तिथला परिणाम पुसला गेला. शेळीपालनवाल्यांनी हे विसरू नये. पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या जीवघेण्या आजारांची लस वेळेवर टोचली नाही तर तुमच्या सगळ्या चर्चेला अर्थ उरत नाही.

बंगालच्या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की त्या बायांचं मन आधीपेक्षा हलकं झालं होतं आणि त्या जास्त काम करू लागल्या होत्या. त्यांची मिळकत जेवढी वाढली तेवढी नुसत्या जनावरांतून निघणारी नव्हती. अर्थशास्त्रज्ञ एस्थर दुफ्लो यांनी याचा अर्थ आशेशी जोडला. माझ्या अनुभवाला तो पटतो, पण एक दुरुस्ती करून. आशा भत्त्यातून येते. पुढचे सहा महिने चूल पेटणार हे नक्की झालं, की बाई दोन वर्षांपुढचं बोलायला लागते. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता प्रस्तावात भत्त्याची ओळ कापली गेली तर मी प्रकल्प घेत नाही.

इथे थोडं थांबून आतापर्यंतचं एकत्र करते. इच्छा असते, बहुतेकदा ‘नको’च्या रूपात. वाटेवरच्या पायऱ्या दिसत नाहीत. पडलो तर सावरायला काही नसतं, म्हणून माणूस पायरी चढायचा धोका घेत नाही. कार्यक्रमाने पायरी दाखवायची आणि पडण्याची भीती कमी करायची. भाषणाचा नंबर फार नंतर.

पायरी कोण दाखवतं, याला फार महत्त्व आहे. आम्ही एकदा ऊसतोड कुटुंबातून पुढे येऊन मोठ्या पदावर गेलेल्या एका अधिकाऱ्यांना बोलावलं होतं. माणूस फार चांगला, बोलले मनापासून. बाया म्हणाल्या, “ते साहेब हायेत.” त्याच वर्षी शेजारच्या गावातली एक ताई गटाच्या बैठकीला आली, तिने सलग दोन हंगाम कोयता टाळला होता. तिला तीन तास प्रश्न विचारले गेले. उचल नाही घेतली तर दुकानदार उधार देतो का? नवरा एकटा गेला का, त्याला अर्धा कोयता म्हणून मुकादमाने घेतलं का? दूध डेअरीचा पैसा किती दिवसांनी येतो? सासू काय म्हणाली? इथिओपियाच्या दोबा भागात संशोधकांनी त्याच भागातल्या, तशाच घरांतून वर आलेल्या माणसांच्या छोट्या फिल्म दाखवल्या होत्या. सहा महिन्यांनी बघणाऱ्यांची बचत आणि मुलांची शाळेतली नावं वाढलेली आढळली. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात आपण समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून गावातल्याच बाईला दुसऱ्या गावात पाठवतो, त्यामागचं बळही हेच आहे. एक-दोन पायऱ्या वर असलेलं माणूस शोधा. दहा पायऱ्या वरचं नको.

कधी कधी तर कोणी काही सांगायचीही गरज नसते. पश्चिम बंगालच्या बिरभूम जिल्ह्यात ४९५ गावांचा अभ्यास झाला. जिथे सरपंचपद दोन निवडणुकांत बाईसाठी राखीव होतं, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याबद्दलच्या आई-वडिलांच्या अपेक्षांमधली दरी इतर गावांपेक्षा २० टक्क्यांनी कमी झाली, आणि मुलामुलींच्या स्वतःच्या अपेक्षांमधली ३२ टक्क्यांनी. मुलींना कोणी स्वप्न पाहायला शिकवलं नव्हतं. एक खुर्ची कायद्याने रिकामी करून ठेवली होती, तिच्यावर बाई बसलेली त्या रोज बघत होत्या. बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या आणि माध्यमिक शाळेतली मुलींची नावनोंदणी ठळक वाढली, विशेषतः शाळा लांब असलेल्या गावांत. इच्छा आधीच होती. मध्ये अंतर होतं, ते सायकलने कापलं.

एका चुकीबद्दल वेगळं सांगावंसं वाटतं, कारण ती सगळीकडे होते. आपण गृहीत धरतो की प्रत्येक गरीब बाईला उद्योजक व्हायचंय. मी विचारते तेव्हा बहुतेकींना महिन्याला ठरलेला पगार हवा असतो. अंगणवाडी मदतनीस, शाळेत खिचडी शिजवणं, शहरात कंपनीत पॅकिंग, काहीही, पण तारखेला पैसा. ज्या घराने आयुष्यभर उचल घेऊन नंतर ती अंगाने फेडलीय, त्याला ‘काम आधी, पैसा ठरलेल्या दिवशी’ ही गोष्टच मोठी वाटते. ही आकांक्षा छोटी नाही. तिला धरून आराखडा केला तर शेळीपेक्षा दहा दिवसांनी बिल देणारी दूध डेअरी जवळची वाटेल. अर्थात तुमच्या गावात चारा-पाणी किती महिने पुरतं यावर ते अवलंबून आहे, आणि डोंगरपट्ट्यात गाय जमणारच नाही, तिथे उस्मानाबादी शेळीच बरी.

तुमच्या ६० कुटुंबांसाठी मी काय केलं असतं? तीन-चार वर्षांचा आराखडा केला असता, त्याचं टोक त्या ‘नको’ला बांधलेलं: लेक दहावीला बसेपर्यंत गावातच राहील. मग उलटं मागे यायचं. लेक गावात राहायची तर आई-वडील तोडीला गेले की मुलांना ठेवून घेणारं हंगामी वसतिगृह चालू आहे का? की तालुक्याला ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहात जागा मिळेल? ही योजना २०२१ मध्ये मंजूर झाली, ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक अशी ८२ वसतिगृहं; तुमच्या तालुक्यातलं सुरू झालंय का आणि जागा किती, हे स्वतः जाऊन बघा. मग उचल. पूर्ण उचल पहिल्या वर्षी टळत नाही, ते डोक्यातून काढून टाका. पण तिच्यातला दवाखान्याचा आणि पेरणीचा भाग गटाच्या कर्जातून निघाला, तर कुटुंब कमी उचल घेतं, आणि उचल कमी तर लवकर फिटते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दोघांऐवजी एकानेच जायचं असं ठरवता येतं. शेळ्या येतात त्या इथे, आणि टोळ्या परतल्यावर, एप्रिल-मेमध्ये, म्हणजे दिवाळीच्या आधी एक वेत हाताखालून जाईल. ज्या घरात मागे राहणारं कोणी नाही त्या घराला शेळ्या नकोतच, किंवा चार घरांच्या शेळ्या एकीने सांभाळून करडं वाटून घ्यायची, असा अर्धलीचा प्रकार गटात ठरवा.

हे ठरवताना फक्त बाईशी बोलू नका. नायजरमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात बायांना पैसे आणि प्रशिक्षण दिलं, तसं काही गावांत एका जोडप्याच्या धडपडीची फिल्म सगळ्या गावासमोर दाखवून चर्चा घडवली, नवरे आणि वडीलधारी मंडळी समोर बसलेली. खर्चाच्या मानाने तो भाग फार फायद्याचा ठरला. आपल्याकडे शेळी विकायची की ठेवायची, लेक शाळेत की फडावर, हे निर्णय नवरा आणि सासू बसून घेतात. ती दोघं बैठकीत नसतील तर तुमचा आराखडा दारापर्यंतच पोचतो.

सगळ्यांना हे लागू पडत नाही. घरात क्षयाचा पेशंट असेल, सावकाराचं व्याज अंगावर असेल, बाई एकटी आणि साठीच्या पुढची असेल, तर आकांक्षेचं नाव काढू नका. आधी दवाखाना, रेशन, निराधारांचं अनुदान. भूमिहीन आणि दोन-तीन एकरवाले यांचा आराखडाही एक होत नाही.

आणि देणगीदारांना मोजायला दुसरं काहीतरी द्या. ‘किती शेळ्या उरल्या’ याऐवजी: या वर्षी उचल किती कमी घेतली, सातवी ते दहावीच्या किती मुली ऑक्टोबरनंतर वर्गात आहेत, किती घरांतून एकच माणूस गेलं. शेळी विकून मुलीची वसतिगृहाची पेटी आणि गादी घेतली असेल, तर तुमच्या सध्याच्या तक्त्यात ते अपयश म्हणून लिहिलं जातंय.

आत्ता टोळ्या घरी आहेत, लवकरच मुकादम वस्तीवर फिरू लागतील. तुमच्याकडे जेमतेम महिना-दोन महिने आहेत. त्या ४१ घरांत जा, पण पहिल्या भेटीत शेळीचं काय झालं हे विचारू नका, ताई ओशाळेल आणि ‘मेली’ म्हणून सांगेल. वर्षाचे बारा महिने जमिनीवर आखा, चिंचोके ठेवून पैसा कधी येतो, कधी जातो ते तिलाच मांडू द्या. उचलीच्या महिन्यावर चिंचोक्यांचा ढीग पडला, की विचारा हा कशाकशासाठी लागला. मग लेकीचं विचारा. शेळीचं ती आपणहून सांगेल.